भिंतीच्या आतलं राहू द्या, फूटपाथवर तरी पाट्या लावा

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ

विषय: मुंबईचा विमान-इतिहास ज्याला त्याला आपापल्या सवडीने फिरून पाहता यावा याबाबत

सप्रेम नमस्कार.

२०२८ साली जुहूच्या विमानतळाला शंभर वर्षं होतील. देशातला हा पहिला नागरी विमानतळ. त्यानंतर चारच वर्षांनी, १५ ऑक्टोबर २०३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन याच जुहूला उतरले त्या दिवसाची शताब्दी येईल. शताब्दी जवळ आली की आपल्याकडे काय होतं, हे आपल्याला मी सांगायला नको. समिती नेमली जाते, समितीला मुदतवाढ मिळते, भव्य संग्रहालयाचं संकल्पचित्र वर्तमानपत्रात छापून येतं, त्यात काचेची इमारत आणि हिरवळीवर हिंडणारी गोरीपान कुटुंबं असतात, आणि मग जागा कोणाची यावरून फाइल टेबलाटेबलावर फिरत राहते. ते सगळं सुरू व्हायच्या आत हे पत्र आपल्या हाती पडावं अशी इच्छा आहे.

माझं मागणं किरकोळ आहे. पंधरा-वीस पाट्या आणि एक नकाशा. नकाशा घ्यावा, गाइड न लावता, तिकीट न काढता निघावं. आज एक तुकडा पाहावा, पुढच्या रविवारी दुसरा. अमेरिकेत राइट बंधूंच्या डेटन शहरात अशी वाट आखलेली आहे. एकेका ठिकाणी जाऊन पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचा आणि पुरेसे शिक्के जमले की अस्वलाचं खेळणं बक्षीस मिळवायचं, अशी तिथली गंमत. आपल्याला अस्वल नको. शिक्क्याचं मात्र मनावर घेण्यासारखं आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

संग्रहालयाचं नाव काढलं की मला धडकी भरते, ती आयएनएस विक्रांतमुळे. देशाची ही पहिली विमानवाहू नौका. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी पूर्व पाकिस्तानच्या बंदरांवर हल्ले चढवले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना बघता आली, २०१२ मध्ये ते बंद पडलं आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना ती भंगारात गेली. आता उरलंय ते लायन गेटजवळच्या चौकात तिच्याच धातूतून घडवलेलं स्मारकशिल्प. अख्खी नौका गेली, चौकातलं शिल्प राहिलं. म्हणून मी चौकांच्या बाजूची आहे.

दुसरं कारण जास्त व्यवहाराचं आहे. मुंबईतल्या विमानांशी नातं असलेल्या बहुतेक जागा कुंपणाच्या किंवा पहारा असलेल्या दाराच्या आत आहेत. जुहू भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, सांताक्रूझचा मोठा विमानतळ खासगी चालकाकडे, गोदी नौदलाकडे, बॉम्बे हाउस टाटांकडे. प्रत्येकाच्या परवानगीची वाट बघत बसलो तर २०३२ उलटून जाईल. एका फाटकावर मी नुसतं आत डोकावून बघत होते, तर रखवालदाराने "काय काम आहे?" असं विचारलं. काम काहीच नव्हतं, म्हणून निघून आले. त्याचंही चूक नाही. पण कुंपणाबाहेरचा फूटपाथ महापालिकेचा असतो आणि तिथे उभं राहायला काम लागत नाही.

तेव्हा सुरुवात जुहूपासून.

१९३२ चं जुहू म्हणजे समुद्रालगतची चिखलवट जमीन आणि तिच्या कडेला झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. विमान कंपनी काढायची मूळ कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातल्या माजी वैमानिकाची. ती जे. आर. डीं.नी उचलून धरली आणि दोराबजी टाटांनी दोन लाख रुपये गुंतवायला होकार दिला. सामग्री काय, तर पुस मॉथ जातीची एका इंजिनाची दोन छोटी विमानं आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसं. १५ ऑक्टोबरच्या सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून निघाले. लंडनहून इम्पिरिअल एअरवेजने आलेलं सुमारे २५ किलो टपाल बरोबर होतं, रेडिओ नव्हता. वाटेत अहमदाबादला उतरले तेव्हा बर्मा शेलचं इंधन डब्यांत भरून बैलगाडीतून आलं. दुपारी दोनच्या आत ते जुहूला पोचले. तिथून पुढचं टपाल व्हिन्सेंटने बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं.

ही बैलगाडी पाटीवर यायलाच हवी. शाळेतली मुलं बाकी सगळं विसरतील, पण विमानात पेट्रोल भरायला बैलगाडी आली होती हे घरी जाऊन सांगतील.

पावसाळ्यात आणखीच मजा. जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, मग कंपनी विमानांसकट सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवड्याला हलवायची, तुरुंगाशेजारच्या मैदानावर. पहिल्या पूर्ण वर्षात, १९३३ मध्ये, या सेवेने १५५ प्रवासी नेले. संध्याकाळी आमच्या पार्ल्यात छपरांवरून एकामागून एक विमानं उतरत असतात. त्यांतल्या एकेका विमानात याहून जास्त माणसं असतात. (आम्ही पार्लेकर विमान आलं की वाक्य मध्येच थांबवतो आणि ते गेलं की तिथूनच पुढे बोलतो. पाहुण्यांना हे जरा चमत्कारिक वाटतं.)

आजच्या जुहूवरून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात, बरीचशी बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर माणसं नेणारी. कुंपणाला लागून चालताना आधी पंख्यांचा दणदणाट येतो, मग धूळ, मग भिंतीच्या वर दिसतं ते हेलिकॉप्टरचं पोट. बघायला माणसं थांबतात. मुलाला खांद्यावर घेतलेले बाप तर हमखास. त्या थांबणाऱ्या माणसांच्या डोळ्यांसमोर पाटी हवी. तिच्यावर १९३२ असावंच, पण १९८२ ही असावं. त्या वर्षी, पन्नास वर्षं झाली म्हणून, ७८ वर्षांचे जे. आर. डी. पुन्हा जुन्या लेपर्ड मॉथमध्ये बसून कराचीहून इथे एकटे आले. आणि २०२१ ही असावं, आरोही पंडित या मुंबईच्या तरुण वैमानिकेने भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत छोटं विमान आणून तोच मार्ग गिरवला, म्हणून. कराचीऐवजी भुज का, हे लोकांना समजावून सांगायची गरज पडणार नाही.

जुहूची दुसरी पाटी फजितीची लावा. आपल्याकडच्या स्मारकांवर फजिती कधी लिहिली जात नाही, आणि म्हणूनच कोणी ती वाचत नाही. जुहू आणि सांताक्रूझ या दोन्ही ठिकाणच्या एकेका धावपट्टीची दिशा जवळजवळ एकच, पूर्व-पश्चिम. समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाला जुहू आधी दिसतं. जुलै १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट, म्हणजे त्या काळचं सगळ्यात नवं जेट, सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरलं. एवढ्या आखूड धावपट्टीवरून ते पुन्हा उडवून न्यायला काही दिवस लागले. चूक एकदाच झाली असती तर गोष्ट वेगळी. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तसंच उतरलं, धावपट्टी संपली तरी थांबेना, पुढे जाऊन आदळलं आणि कायमचं निकामी झालं. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. जुहूची धावपट्टी सव्वा किलोमीटरही नाही. एवढ्या टाचभर जागेत चार इंजिनांचं जेट येऊन उभं राहिलेलं बघायला किती गर्दी झाली असेल, याची कल्पना मुंबईकराला करून द्यावी लागत नाही.

ही पाटी जुहूच्या कुंपणापाशी एक आणि विलेपार्ले स्टेशनवर एक, अशी दोनदा लावावी असं मी सुचवेन. पार्ले स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की पश्चिमेला जुहू आणि पूर्वेला सांताक्रूझचा विमानतळ, दोन्ही रिक्षाच्या टप्प्यात. वैमानिक कसे फसले हे तिथे नुसतं बोट दाखवून सांगता येतं. स्टेशन रेल्वेचं आहे, हे मला माहीत आहे. एक पत्र त्यांनाही लिहावं लागेल. ते आपण लिहावं.

सांताक्रूझची गोष्ट मोठी आहे, पण तिथे पायी फिरण्यासारखं कमी, म्हणून आटोपते. महायुद्धात हा शाही हवाई दलाचा तळ होता. युद्धानंतर मोठी प्रवासी विमानं जुहूहून इकडे आली. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. त्या कंपनीची ती पहिली आंतरराष्ट्रीय फेरी, आणि विमानात होते ३५ प्रवासी. टर्मिनल दोनमधलं 'जय हे' हे कलादालन खरोखर पाहण्यासारखं आहे, पण तिकीट असलेल्या प्रवाशालाच. टर्मिनल एक पाडून नव्याने बांधायचं घाटतं आहे. ते पाडण्याआधी त्याचे फोटो, आराखडे आणि तिथे आयुष्यभर काम केलेल्या लोडर, मेकॅनिक, हवाई सुंदरी यांच्या आठवणी कोणीतरी नोंदवून ठेवा. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. सगळ्यांचं लक्ष तिकडे असताना जुन्याचा कागद रद्दीत जायला वेळ लागत नाही.

दक्षिण मुंबईतला तुकडा मात्र खरा पायी चालण्याचा आहे. नरिमन पॉइंटला समुद्राकडे तोंड करून उभी असलेली २३ मजली एअर इंडिया इमारत १९७४ ची. १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांतला एक तिच्या तळघरात झाला. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती १६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं. म्हणजे इथे तर परवानगीचाही प्रश्न यायला नको, घरचंच काम. उद्या तिथे सरकारी कार्यालयं भरतील, लोक दाखल्यांसाठी रांगा लावतील. खालच्या फूटपाथवर एअर इंडियाचा महाराजा आला तर रांगेतल्यांचाही वेळ जाईल. तो झुपकेदार मिशांचा, लवून नमस्कार करणारा महाराजा १९४६ मध्ये बॉबी कुका आणि चित्रकार उमेश राव यांनी मुंबईतच जन्माला घातला. कंपनीकडची चित्रं आणि शिल्पं २०२३ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेली.

तिथून होमी मोदी स्ट्रीटवरचं बॉम्बे हाउस, आणि मग मुख्य टपाल कार्यालय, म्हणजे जीपीओ. जीपीओच्या समोरच्या रस्त्याचं नाव वालचंद हिराचंद मार्ग. टपालाच्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी काढणारा माणूस हाच? सोलापूरचे वालचंदशेठ. १९३९ मध्ये पॅन अमेरिकनच्या क्लिपर विमानातून जाताना त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली, त्या बोलण्यातून कारखाना ठरला आणि म्हैसूर संस्थानाने त्यात पैसा घातला. आजची एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स, ती हीच. रस्त्याला नाव दिलं, पण त्या नावाच्या माणसाने काय केलं ते कुठेच लिहिलं नाही, असं आपल्या शहरात जागोजाग झालेलं आहे. इथे तर दोन ओळींचं काम आहे.

आता शिक्क्याचं. जीपीओत फिलाटेली ब्यूरो, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांसाठीचा विभाग, आहे, आणि टपाल खातं विशिष्ट जागेसाठी कायमचा सचित्र शिक्का मंजूर करतं. त्या जागेच्या टपाल कार्यालयात पत्र टाकलं की तिकिटावर तो चित्राचा शिक्का बसतो. हवाई टपालाने सुरू झालेल्या इतिहासाला याहून शोभेल असं काय असणार? जुहूच्या टपाल कार्यालयासाठी पुस मॉथचा शिक्का मागा. पोस्टकार्ड घ्यायचं, स्वतःच्याच पत्त्यावर टाकायचं, आणि चार दिवसांनी पोस्टमनने घरी आणून द्यायचं. मुलांच्या सहलीला यापेक्षा स्वस्त बक्षीस नाही.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात मारुत उभं आहे. एचएफ-२४ मारुत, जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या देखरेखीखाली बंगळुरूला घडलेलं आपलं पहिलं जेट लढाऊ विमान, १९६१ मध्ये उडालेलं. तिकीट काढून आत जावं लागतं, पण मुलांनी ते जवळून बघावं. जिथे फूटपाथवरून काम भागत नाही अशा जागांपैकी ही एक.

वांद्र्याच्या बँडस्टँडला एक पाटी हवी, आणि ती आनंदाची नसेल. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं सम्राट अशोक हे जम्बो जेट उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले, कोणीही वाचलं नाही. विमानाचा कल दाखवणारं एक उपकरण बिघडलं होतं, बाहेर काळोख होता, आणि विमान डावीकडे कलतंय की उजवीकडे याचा वैमानिकाला अंदाज राहिला नाही. हेच एअर इंडियाचं पहिलं ७४७. १९७१ मध्ये ते आलं तेव्हा शहरात कौतुक मावत नव्हतं. वारसा म्हणून फक्त पहिलेपणाच्या गोष्टी सांगितल्या तर तो जाहिरातीसारखा वाटायला लागतो. त्या रात्री घरची माणसं गमावलेले लोक अजून आहेत. पाटीचा मजकूर ठरवताना आधी त्यांना विचारा.

आणि आता गिरगाव चौपाटी. इथे मला आपल्याशी जरा कडक बोलावं लागणार आहे.

शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव घेतल्याशिवाय कोणतीही समिती पुढे जाणार नाही. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. बघायला न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड होते, असंही सांगतात. त्या उड्डाणाचा तेव्हाच्या कागदपत्रांत पक्का पुरावा आजवर कोणी दाखवलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथाचा हवाला दिला जातो, तो विसाव्या शतकात लिहून काढलेला आहे, आणि त्यातल्या वर्णनाबरहुकूम विमान उडू शकत नाही, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच गणितं मांडून लिहून ठेवलं. २०१५ च्या जानेवारीत विज्ञान काँग्रेस मुंबईत भरली तेव्हा याच विषयावरून आपलं जगभर हसं झालं. ते पुरे.

पण म्हणून तळपदेंना गाळूही नका. चिराबाजारात राहणारा, संस्कृत जाणणारा, जे. जे. कला महाविद्यालयाशी संबंधित असलेला एक पाठारे प्रभू गृहस्थ एकोणिसाव्या शतकात विमानाच्या नादी लागतो आणि त्यासाठी पदरमोड करतो, हेच मला पुरेसं थोर वाटतं. खोट्या 'पहिल्या'चं ओझं त्याच्या डोक्यावर कशाला? पाटीवर स्पष्ट लिहा: इथे विमान उडाल्याचं सांगितलं जातं, समकालीन पुरावा मिळालेला नाही, तळपदे कोण होते ते खाली वाचा. त्याच पाटीवर ९ डिसेंबर २०१७ ची नोंद करा. त्या दिवशी याच चौपाटीसमोर पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची चाचणी सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिली. कोणी पाटीवर डांबर फासेल, अशी भीती आपल्याला वाटेल. फासलं तर पुसा आणि तीच पाटी पुन्हा लावा.

थोडं पाट्यांविषयी. त्या डोळ्यांच्या उंचीवर असाव्यात, दहा फुटांवर नकोत. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत पत्र्याला गंज चढतो, तेव्हा दगड किंवा चिनी मातीच्या भाजलेल्या फरशा वापराव्यात. क्यूआर कोड जरूर द्या, पण मजकूर पाटीवरच हवा. कोडामागचं संकेतस्थळ तीन वर्षांत बंद पडतं आणि मग रिकामी चौकट उरते. उद्घाटन करणाऱ्यांची नावं मागच्या बाजूला कोरावीत. जिथे सुरक्षेमुळे फोटो काढायला मनाई आहे तिथे ते पाटीवरच लिहावं, म्हणजे बघायला आलेल्या माणसाला रखवालदाराशी वाद घालावा लागणार नाही. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला फूटपाथ चढता येतो का, हेही पाहावं. नकाशा मराठीत आधी लिहावा. तो इंग्रजीत लिहून भाषांतराला टाकू नये, नाहीतर 'धावपट्टीवर अतिक्रमण' असं काहीतरी छापून येईल, आणि जुहूत त्याचा अर्थ भलताच लागेल.

खर्चाचं अंदाजपत्रक मी देत नाही, ते आपल्याकडच्या माणसांना जास्त नीट करता येतं. २०२८ च्या आधी किमान जुहू, पार्ले, चौपाटी आणि जीपीओ या चार पाट्या लागल्या तर बाकीच्या सावकाश आल्या तरी चालतील. मजकूर छापायला जाण्याआधी शुद्धलेखन तपासायला आमच्याकडे पाठवा. पार्ल्यात निवृत्त मराठी शिक्षकांची वाण नाही, आणि हे काम ते फुकट करतील. चहा मात्र लागेल.

कळावे,

आपली,
विलेपार्ल्यातली एक रहिवासी